सोन्याच्या टोकाची वायर

फुलसिंग राठोड यांना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या दोघांच्या शेतांमध्ये एकच धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावर उभं राहून आम्ही बरीच वर्षं बोललो, पण बोललो ते बोंडअळीवर, रानडुकरांवर आणि कुणाच्या मोटारीला दाब कमी येतो यावर. त्यांचं वय मला ठाऊक नव्हतं. त्यांची गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, मला अजून धड कळत नाही. तरुणपणी ते नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचे एवढं माहीत होतं. त्या वर्षांत त्यांनी काय पाहिलं, कुठे जेवले, कशाला घाबरले, ते मी कधी विचारलं नाही. गेल्या थंडीत ते गेले. त्यांच्या अंगणात बसायला आलेल्या माणसांपैकी निम्म्यांची नावंही मला येत नव्हती.

त्यांच्याविषयी कुणी मला विचारलं तर मी एक संध्याकाळ सांगू शकतो, कारण त्या संध्याकाळी मी तिथे होतो. चुकलं तर तांड्यातली माणसं दुरुस्त करतीलच.

त्यांचा तांडा आमच्या गावाला लागून, पांढरकवड्याच्या अलीकडे. तांड्यात सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे एक साउंड सेट आहे. दोन उंच स्पीकर, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि माईक. हा सेट सांभाळायचं काम फुलसिंगभाऊंचं. कुणी नेमलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणी बटणाला हात लावला तर ते लांबूनच ओरडायचे, "ते ट्रॅक्टर नोहे रे बाप्पा!" ट्रक चालवायचे तेव्हा त्यांच्या गाडीतला टेप सगळ्या रस्त्याला माहीत होता म्हणे. ढाब्यावर दुसरे ड्रायव्हर त्यांच्या गाडीजवळ खाट टाकायचे. त्या टेपनेच त्यांना एक गोष्ट शिकवली होती आणि ती त्यांनी मला धुऱ्यावर पुष्कळदा सांगितली होती.

"घनश्यामभाऊ, वायर गंजली की गानाऱ्या बाईले सर्दी होते. वायर बदलली की सर्दी गेली. मंग मशीन कोनतंही असो."

मला त्यातलं काही कळत नसे. मी मान हलवायचो.

त्यांची भावजय गंगीबाई. मोठ्या भावाची बायको, आता एकटी. तांड्यातली तीजेची गाणी तिच्या तोंडची. श्रावणात बंजाऱ्यांच्या कुमारिका टोपल्यांमध्ये गहू पेरतात, रोज गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ते हिरवे अंकुर वाजतगाजत पाण्यात शिरवायला नेतात. गाणी लांबलचक असतात. पुढे एक बाई म्हणते, मागे पोरी उचलतात. पुढची बाई स्पष्ट ऐकू आली नाही तर मागच्यांचा सगळा गोंधळ. गंगीबाई किती वर्षांपासून पुढे म्हणत होती ते तिलाही आठवत नसेल.

त्या संध्याकाळच्या आधीच्या हिवाळ्यात ती खोकल्याने अंथरुणाला लागली. बाई रिकामी बसणारी नाही. पडल्या पडल्या तिने स्पीकरांसाठी दोन झुली शिवल्या. जाड कापड, दुहेरी शिवण, त्यावर आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा. पूर्वी यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरायचे, तेव्हा पुढच्या बैलावर अशी झूल असायची. ओझं वाहणाऱ्याला उघडं ठेवायचं नाही, ही त्यांची रीत. गंगीबाई म्हणाली, "बैल गेले. आता हे डबे आपला आवाज वाहून नेतेत. यायले काहून उघडं ठेवाचं?" झुली चढल्या तेव्हा मीही पाहायला गेलो होतो. स्पीकर नवरदेवासारखे दिसत होते.

गंगीबाई बरी झाली आणि माईकपुढे बसली, पण आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. जाड, बसका, गोधडीत तोंड घालून कुणी बोलावं तसा. पोरी एकमेकींकडे पाहायच्या. "काकी काय म्हणून राह्यली, समजूनच नाई राह्यलं." सगळ्यांनी एकच अर्थ काढला, खोकल्याने आवाज नेला. तिनेही तोच काढला असावा. घरी ती ज्येष्ठमध चघळायची, गरम पाण्याच्या गुळण्या करायची, आणि मंदिरापुढे आली की पुन्हा तेच.

उत्सवाचं सगळं राजकुमार पाहायचा. पांढरकवड्याला त्याचं मोबाईलचं दुकान. पोरगा वाईट नव्हता. त्याने हात जोडूनच सांगितलं, "काकी, या वर्षी तुमी मधात खुर्चीवर बसा, पोरीयले आशीर्वाद द्या. गाने आपन डीजेवर लावू. रेकॉर्डिंगचे. पोरी नाचतीन."

गंगीबाई "बरं" म्हणाली आणि घरी गेली. त्या दिवशी धुऱ्यावर फुलसिंगभाऊ माझ्याशी बोंडअळीवर बोलले नाहीत.

"भोजाईचा आवाज गेला नाई," ते म्हणाले. "चुलीपाशी गाते तवा मी आयकतो ना. वायर गेली."

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला गेले आणि वायर घेऊन आले. मिक्सरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी डिजिटल वायर. बोटाएवढी जाड, वर जाळीचं विणकाम, दोन्ही टोकं सोन्यासारखी पिवळी. किती दिले ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. दुकानदाराने त्यांना खुर्चीवर बसवून दोन वायरी ऐकवल्या होत्या म्हणे, आणि दुसरी लावल्यावर स्वतःच "वाहवा" म्हणाला होता.

वायर लावायची म्हणून त्यांनी सगळा सेट पुढे ओढला. झुलींवर कित्येक महिन्यांची धूळ होती, त्या काढून गंगीबाईच्या अंगणात धुवायला टाकल्या. मग वायर लावली, वहिनीला बोलावून माईक हातात दिला. ती नको नको म्हणत होती. शेवटी वैतागून एक ओळ म्हणाली.

मी शेतात होतो. मला ती ओळ शेतात ऐकू आली. शब्द न् शब्द सुटा, घागरीवर नाणं वाजावं तसा. मी वखर थांबवला.

पुढचे काही दिवस तांड्यात वायरीचंच कौतुक. बायका येऊन वायर पाहून जायच्या. कुणी तिला हळदकुंकूही लावलं. फुलसिंगभाऊ मिशीला हात लावत सांगायचे, "सर्दी होती. गेली." गंगीबाई पुन्हा पोरींना शिकवायला बसली, आणि राजकुमारने डीजेवाल्याला "थांब, सांगतो" असा निरोप दिला.

मग तीजेसाठी अमरसिंग आला. तो फुलसिंगभाऊंचा चुलत पुतण्या, अमरावतीला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्याने वायर पाहिली आणि त्याला हसू आवरेना.

"काका, कायले फसले तुमी? या वायरीतून आवाज जातच नाई. आकडे जातेत. एक अन् शून्य. साध्या वायरीतून तेच आकडे जातेत, सोन्याच्यातून तेच."

"मंग खराब वायर काय करते?"

"खराब असली तं आवाज तुटते, टक् टक् होते, नाई तं बंदच पडते. बसका नाई होत. एकाचा पाऊण होऊन नाई पोचत तिकडे."

"ट्रकच्या टेपमंधी होत होता ना!"

"त्या वायरीतून खुद्द आवाजच जाये काका, त्यात मिसळ होये. हे येगळं हाय."

"मंग भोजाईचा आवाज सुधरला, तो काय जादूनं?"

अमरसिंग खांदे उडवून म्हणाला, "मनाचा खेळ. महाग वस्तू लावली की कान आपोआप खूश होतेत."

तो सहज बोलला, पण राजकुमार शेजारीच उभा होता. वायरीने काही होत नसेल, तर सुधारलेला आवाज हा नुसता भास, आणि काकीचा आवाज बसलेला तो बसलेलाच. डीजेवाला दोन-तीनदा फोन करून चुकला होता. राजकुमार म्हणाला, आता एकदाचं ठरवा.

फुलसिंगभाऊंनी नसाब मागितला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. जमिनीचे, लग्नाचे, मारामारीचे तंटे तिथे मिटतात. वायरीसाठी नसाब बसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पण तांड्याचे प्रमुख, नायक उत्तमसिंग म्हणाले, "भांडन तं हाय ना? मंग बसू."

ऊन उतरलं तेव्हा लिंबाखाली खाटा टाकल्या. मला कुणीतरी घरून बोलावून नेलं. नायकांना तांड्याबाहेरचा एक कान हवा होता. मी म्हटलं, "मले डाव्या कानानं कमी आयकू येते."

"उजवा हाय ना?" नायक म्हणाले. "बसा."

नसाबचा मान म्हणून गंगीबाईने दुपारीच धुतलेल्या झुली पुन्हा स्पीकरांवर चढवल्या होत्या. आरसे लखलखत होते. अमरसिंगने मिक्सरपुढे चादर धरून बांधली, म्हणजे कोणती वायर लावतो ते कुणाला दिसू नये. फुलसिंगभाऊंनी मोबाईलमध्ये गंगीबाईचं गाणं चुलीपाशी भरून घेतलं होतं, तेच लावायचं ठरलं. ऐकणारे तिघे: नायक, मी आणि फुलसिंगभाऊ. फुलसिंगभाऊंच्या डोळ्यांवर त्यांच्याच पागोट्याचा पदर बांधला.

"सोन्याची लागली की सांगजो, काका," चादरीमागून अमरसिंग म्हणाला.

"तू लाव तं."

गाणं वाजलं. मी कान टवकारले. बसकं, जाड. थांबलं. पुन्हा वाजलं. तसंच बसकं, तसंच जाड. नायक माझ्याकडे पाहू लागले, मी त्यांच्याकडे. मला वाटलं माझ्या उजव्या कानानेही दगा दिला.

"पैली सोन्याची!" फुलसिंगभाऊ ठामपणे म्हणाले.

"पैली साधी होती, काका."

बायका खुदकन हसल्या. पुन्हा लावलं. या वेळी ते जरा थांबून बोलले आणि पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा बरोबर आलं, चौथ्यांदा परत चुकलं. नायकांनी मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "मले दोन्ही एकच वाटून राह्यल्या." मागे बसलेली एक म्हातारी गोरबोलीत म्हणाली, "एकज छ!" आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

फुलसिंगभाऊ खाटेवर बसून होते, डोळे बांधलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. वायर हरल्याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मला तेव्हा वाटलं. पण ते म्हणाले वेगळंच.

"मी बहिरा नाई, नायक. त्या दिवशी भोजाई साफ गायली. तुमी सगळ्यायनं आयकलं. आज काहून नाई?"

"भास होता, काका," राजकुमार हळूच म्हणाला. "काकीचं वय झालं. त्यात लाजाचं काय हाय? डीजेवाल्याले मी हो म्हनतो." आणि त्याने खिशातून मोबाईल काढला.

स्पीकरांवर गाणं अजून चालूच होतं. अमरसिंग ते बंद करायला विसरला होता.

तेवढ्यात गंगीबाई उठली. इतका वेळ ती बायकांमध्ये बसली होती. ती तरातरा पुढे आली आणि नायकांसमोर उभी राहिली.

"याले म्या घास भरवला," ती फुलसिंगभाऊंकडे बोट करून म्हणाली. "याची माय गेली तवा हा एवढासा होता. आज माझ्यापायी हा डोये बांधून तमाशा होऊन बसला. नोको मले गाणं. पन माझा आवाज नोको, तं माझ्या झुली कायले पाह्यजे?"

असं म्हणून तिने एका स्पीकरवरची झूल हिसकली. मग दुसऱ्यावरची.

आणि गाणं उघडलं.

दुसरा शब्द मला सापडत नाही. गंगीबाई तोंड मिटून, झुली छातीशी धरून आमच्यापुढे उभी, आणि तिचा आवाज तिच्या मागून सगळ्या तांड्यावर. प्रत्येक शब्द सुटा. मधे तिने घेतलेला श्वास, बांगडीची किणकिण, चुलीतल्या लाकडाचा तडतड आवाजसुद्धा. झोपलेलं एक कुत्रं उठून बसलं.

फुलसिंगभाऊ डोळे बांधलेल्या अवस्थेतच खाटेवरून उभे राहिले. "आता!" ते ओरडले. "आता सोन्याची लावली! आता सांगा!"

चादरीवरून अमरसिंगचं डोकं वर आलं. "काका, साधीच लागून हाय. मी हात नाई लावला."

फुलसिंगभाऊंनी डोळ्यांवरचा पदर ओढून काढला. वहिनीच्या हातातल्या झुली पाहिल्या. उघडे स्पीकर पाहिले. मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून सांगू शकतो, की ते समजायला त्यांना क्षणही लागला नाही.

"भोजाई, पुन्हा टाक."

"काय?"

"झूल. पुन्हा टाक त्याच्यावर."

"म्हंजे माझी झूल पन आता तुमचीच काय?"

"टाक ना व बाई!"

तिने रागारागाने टाकली. गाणं गोधडीत गेलं.

"काढ."

गाणं बाहेर आलं.

"टाक! काढ!" ते आता लहान मुलासारखे नाचत होते. तिसऱ्या खेपेला तिलाही कळलं. मग तिनेच झूल टाकली, स्वतःच काढली, आणि काढताना स्वतःच्या आवाजाकडे अशी पाहू लागली, जणू हरवलेली गाय गोठ्यात उभी दिसली. बायकांमध्ये हसण्याचा एकच कल्लोळ उठला. कुणी म्हणालं, "गंगीनंच गंगीचं तोंड दाबलं!" गंगीबाई त्यांच्यावर खेकसली आणि मग तीच सगळ्यांत मोठ्याने हसली.

फुलसिंगभाऊ चादरीमागे गेले. सोन्याच्या टोकाची वायर त्यांनी दोन बोटांत उचलून सगळ्यांना दाखवली. "नायक, लिहून घ्या का नोका घेऊ. वायर हारली. अमरसिंग बोलला ते खरं. अन् माझी भोजाई जितली. मी बोललो तेही खरं!"

अमरसिंग चांगला मुलगा. तो म्हणाला, "काका, मी मनाचा खेळ म्हनलो, ते चुकलं. तुमच्या कानानं बरोबर आयकलं होतं. मी दुसरं काही पाह्यलंच नाई."

"तू मास्तर, मी ड्रायव्हर," फुलसिंगभाऊ म्हणाले. "दोघंही वायरीतच अटकलो."

नायकांनी निकाल दिला. तीजेला गंगी पुढे म्हणणार. झुली स्पीकरांच्या खाली अंथरायच्या, मान तोच राहील. राजकुमारने मोबाईल कानाला लावला आणि तो म्हणाला, "हां भाऊ. नाई, नोको. आमच्या इथं काकी हाय ना."

तीजेच्या दिवशी मी पूर्ण मिरवणूक पाहिली. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या पोरी, पुढे गंगीबाई माईक हातात धरून, आणि मागे हातगाड्यावर उघडे स्पीकर. ती एक ओळ म्हणायची आणि पोरी ती अशी उचलायच्या, की आमच्या गावातल्या बायका धुणं टाकून वेशीपर्यंत आल्या. फुलसिंगभाऊ गाड्यामागे चालत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. वायर त्यांनी तीच ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाले, "लागून हाय तं राहू द्या. दिसाले चांगली हाय." वर एकदा अमरसिंगसमोर मला डोळा मारून म्हणाले, "अन् थोडासा फरक पडते, घनश्यामभाऊ. मनात."

दिवाळीनंतर मुकुटबनकडच्या एका तांड्याचं गंगीबाईला बोलावणं आलं. लग्न होतं. सासरी जाताना नवरी रडत रडत जी गाणी म्हणते त्यांना ढावलो म्हणतात. हल्लीच्या पोरींना ती येत नाहीत. गंगीबाईने येऊन नवरीला शिकवावीत, आणि येताना आपला सेटही आणावा, असा निरोप होता. माणसं स्वतः गाडी घेऊन आली होती. मी धुऱ्यावरून येत होतो, तेव्हा फुलसिंगभाऊ त्या छोट्या गाडीत स्पीकर चढवत होते. गंगीबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर कधीचीच बसली होती आणि हॉर्न वाजवायला सांगत होती.

त्यानंतर मी लेकीकडे कळंबला गेलो आणि बरेच दिवस तिथेच राहिलो. फुलसिंगभाऊ झोपेतच गेल्याचं मला तिथे कळलं, तेव्हा त्यांच्या घरी बसायला म्हणून परतलो. म्हणजे आमचं शेवटचं बोलणं ते गाडीपाशी झालं तेवढंच.

"घनश्यामभाऊ, रस्सी हाय काय घरी? हे डबे हलून राह्यले."

"हाय. नायलॉनची चालते काय?"

"चालते. लांब पाह्यजा."

"आनतो. थांबा."

"आना लवकर. भोजाई बोंबलून राह्यली."